नासेर मिस्त्रीची अँबॅसडर आणि उरलेले एकोणीस नट

कुरुंद्यात नासेर मिस्त्रीला न ओळखणारा माणूस भेटला तर खुशाल समजावं, याच्याकडे हळद नाही. ज्याच्याकडे हळद आहे त्याला ती शिजवावी लागते, शिजवायला कुकर लागतो, आणि आसपासच्या निम्म्या कुकरांच्या पोटावर नासेरभाईंच्या हातचं वेल्डिंग आहे. कुकर म्हणजे घरातला डाळ-भाताचा नव्हे. आत दोन माणसं मांडी घालून पत्ते खेळतील असे लोखंडी ड्रम, त्यांच्यामध्ये वाफेचा बॉयलर, आणि हे सगळं चाकांवर. फेब्रुवारी लागला की हे धूड ट्रॅक्टरमागं शेताशेतातून फिरायला लागतं, आणि त्याच्यामागं मोटारसायकलवर वेल्डिंगचं सामान बांधून नासेरभाई.

अंगानं काटकुळे, वय छप्पन, डावी भुवई नाही. ती पहिल्याच बॉयलरनं नेली; लग्नाच्या फोटोतही एकच आहे. "मी उजवीकडून बघून हो म्हटलं," असं त्यांची बायको खतीजाबी सांगते.

चाळीस वर्षं वाफेच्या सोबतीत गेल्यामुळे नासेरभाईंना सगळं जग बॉयलरच वाटतं. कुणाला ताप आला, तर आत वाफ कोंडली. घरात भांडण झालं, तर व्हॉल्व वेळेवर उघडला नाही. एकदा डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब वाढलाय असं सांगितलं, तर यांनी शांतपणे विचारलं, "किती पौंडावर गेलाय? आमी तीसच्या वर जाऊच देत न्हाई."

अशा माणसाच्या अंगणात सतरा वर्षं एक अँबॅसडर उभी होती. ती चालवायला आणलेलीच नव्हती. कापायला आणली होती. वसमतच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदारानं ती भंगारात काढली तेव्हा नासेरभाईंनी बोटानं पत्रा वाजवून बघितला आणि खूश झाले. असा जाड पत्रा आता मिळत नाही, दोन कुकरांची झाकणं आरामात निघतील. ट्रॅक्टरनं ओढत गाडी घरी आणली, अंगणात लिंबाखाली लावली, गॅस कटर पेटवला, आणि बघतात तर सहा वर्षांची खुशनुमा, त्यांची एकुलती एक लेक, आत स्टिअरिंग धरून बसलेली.

"उतर बेटी, कापायची हाय."

"मी औंढ्याला चालले. अर्ध्या रस्त्यात कशी उतरू?"

नासेरभाईंनी कटर विझवला आणि म्हणाले, "बरं, जाऊन ये. उद्या कापू."

ते उद्या पुढची सतरा वर्षं उजाडलं नाही. घरात टीव्ही चालू असायचा म्हणून खुशनुमानं दहावीचा अभ्यास गाडीच्या मागच्या सीटवर केला. बारावीचाही तिथंच. पुढच्या सीटवर खतीजाबीच्या कोंबड्या अंडी घालत. डिकीत कांदे. टपावर उन्हाळ्यात कुरड्या. शेजारच्या पंचफुलाबाईची एक शेळी तर अशी नादिष्ट निघाली, की दोन्ही वेळा ती गाडीत जाऊनच व्याली. पंचफुलाबाई सांगत, "माही शेळी मोटारीबिगर बाळंत होत न्हाई," आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात जो तोरा असे, तो शहरात मुलगा डॉक्टर झाल्यावर येतो.

मग खुशनुमाचं लग्न ठरलं. मुलगा आखाडा बाळापूरचा, शाळेत मास्तर. मुलाचे वडील मुबश्शीरसेठ यांचं बाळापूरच्या बाजारात कापडाचं दुकान. माणूस भला, पण जिभेला कात्रीसारखी धार. कापड फाडता फाडता समोरच्याचीही एखादी पट्टी काढायची सवय. वऱ्हाड चार पांढऱ्या गाड्यांतून आलं. मुबश्शीरसेठ उतरले, अंगणातल्या अँबॅसडरकडे बघत राहिले. तेवढ्यात एक कोंबडी खिडकीतून बाहेर उडाली.

"समधी," सेठ म्हणाले, "गाडी चांगली हाय. लिटरला किती अंडी देती?"

मांडव हसला. नासेरभाईही हसले. पण हसता हसता त्यांचा व्हॉल्व उघडला तो उघडलाच. म्हणाले, "सेठ, हसून घ्या. पहिल्या बाळंतपणाला माह्या लेकीला ह्याच गाडीत बसवून घरी आणीन."

आमच्याकडच्या मुसलमान घरांतून सातव्या महिन्यात सतवासा करतात. माहेरचे लोक फळं, कपडे, गोडधोड घेऊन जातात, मुलीची ओटी भरतात आणि तिला पहिल्या बाळंतपणासाठी घेऊन येतात. पण म्हणून निकाह लागायच्या आधी, मांडवात, सगळ्यांसमोर सातव्या महिन्याचा वायदा करणारा बाप कुरुंद्यानं पहिल्यांदाच पाहिला. बुरख्याआडून खुशनुमा खतीजाबीला एवढंच म्हणाली, "अम्मी, अब्बांना आत घेऊन जा."

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला बाळापूरहून फोन आला. चौथा महिना लागलेला.

फोन ठेवून नासेरभाई अंगणात गेले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला लाथ मारून बघितली. टायर नव्हतंच, लाथ विटेला लागली. लंगडत आत आले आणि म्हणाले, "तीन महिने हायेत. लई झाले."

खतीजाबी म्हणाली, "कोंबड्यांचं काय?"

(घरातलं त्यांचं बोलणं दखनीत चालतं. इथं ते मराठीत आलंय, त्यात थोडी वाफ उडून गेली असेल.)

कोंबड्यांसाठी आधी नवं खुराडं झालं, मगच गाडीला हात लागला. हळदीचा हंगाम सरलेला, कामं थंड, त्यामुळे वेळ होता. जोडीला पंचफुलाबाईंचा मुलगा शिवहार होता. शिवहारकडे ट्रॅक्टर आहे, हळद पॉलिश करायचा ड्रम आहे, आणि दुसऱ्याच्या कामात उभं राहून सल्ला द्यायची बावनकशी हौस आहे. गाडीची जुनी कागदपत्रं ताजी करून आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं आणि रांगांत उभं राहून पारही पाडलं. हे एवढं सुरळीत झालं की त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इंजिन जाम होतं. नासेरभाईंनी त्याच्या तोंडांत रॉकेल आणि ऑइल ओतलं, वर चिंध्या कोंबल्या आणि सांगितलं, बारा दिवस हात लावायचा नाही. खतीजाबी रोज विचारायची, "लोणचं मुरलं का?" तेराव्या दिवशी लांब पाना लावून शिवहार आणि नासेरभाई दोघं लोंबकळले तेव्हा इंजिन एक इंच फिरलं. त्या एक इंचाच्या आनंदात घरात शेवया झाल्या.

रेडिएटर सडलेला होता. नवा शोधायला नांदेडला जा म्हणून शिवहारनं सांगितलं, तर नासेरभाई दुखावले. "म्हणजे काय? पाणी गरम होतं, वाफ धरती, ती सोडायची. हे चाळीस वर्षं काय करून राहिलो मी?" त्यांनी बॉयलरच्या पाइपाचा रेडिएटर घरीच बनवला. आणि बॉयलर म्हटल्यावर सेफ्टी व्हॉल्व आलाच. तोही बसवला, अस्सल, शिट्टीसकट.

रोज संध्याकाळी खुशनुमाचा व्हिडिओ कॉल यायचा. स्वतःच्या तब्येतीचं अम्मीला दोन वाक्यांत उरकून ती म्हणायची, "आता गाडीकडं फिरवा." मग नासेरभाई मोबाइल घेऊन गाडीखाली शिरायचे. एकदा आठ मिनिटं ती नुसता अंधार बघत होती आणि अब्बांचा आवाज ऐकत होती. दर वेळी फोन ठेवताना तिचा एकच प्रश्न. "अब्बा, होईल ना? इथं सेठ रोज विचारतात." सासऱ्यांना घरातही सगळे सेठच म्हणत.

"होईल," नासेरभाई म्हणायचे. आणि फोन ठेवल्यावर पुन्हा गाडीखाली शिरायचे. कारण थट्टा सेठ करत असले तरी ती ऐकत लेक होती, त्यांच्या घरात राहून. कुकर उशिरा दिला तर शेतकरी दोन शिव्या देतो आणि विसरतो. हे तसं नव्हतं.

आता त्या नटांकडे येऊ.

गाडी खोलताना नासेरभाईंनी काम अगदी बराबर केलं होतं. पाच पत्र्याचे डबे. एक इंजिनाचा, एक चाकांचा, एक दारांचा, एक स्टिअरिंग आणि त्याच्या खालच्या सांगाड्याचा, एक किरकोळ. प्रत्येकावर ऑइलपेंटनं लिहिलेलं. प्रत्येक नट, बोल्ट, वायसर आपापल्या डब्यात. गोष्ट इथंच थांबली असती तर नासेरभाईंचं नाव शिस्तीसाठी घेतलं गेलं असतं.

पण सगळं गंजलेलं होतं. तारेच्या ब्रशनं एक-एक घासायचं म्हटलं तर एका डब्याला तीन दिवस लागले, आणि त्यातले दोन दिवस खतीजाबीचे होते. चौथ्या दिवशी नासेरभाई शिवहारच्या शेडमध्ये चहाला गेले असता त्यांची नजर पॉलिशच्या ड्रमवर गेली. शिजवून वाळवलेली हळद या ड्रममध्ये घालतात, ट्रॅक्टरनं ड्रम फिरवतात, कांड्या एकमेकांवर घासतात आणि वरचं साल निघून आतलं पिवळं चकाकतं. ड्रम पावसाळाभर रिकामाच असतो.

"शिवहार," नासेरभाई हळूच म्हणाले, "हळदीचं साल जातं, तर गंज काहून जाणार न्हाई?"

शिवहारला हे इतकं पटलं की त्याचा चहा तसाच राहिला. दोघांनी ड्रमच्या जाळीला आतून पत्रा मारला, मूठभर जाड रेती टाकली. ट्रॅक्टर जोडला. नासेरभाईंनी इंजिनाचा डबा ओतला आणि थबकले. हळदवाल्यांचा एक नियम आहे, ड्रम रिकामा-रिकामा फिरवायचा नाही. माल थोडा असला तर तो घासत नाही, आपटतो; कांड्या मोडतात. ड्रम निम्मा तरी भरायचा. हा नियम नासेरभाईंनी स्वतः दोनशे शेतकऱ्यांना शिकवलेला. हात आपोआप दुसऱ्या डब्याकडे गेला. मग तिसऱ्या. पाचही डबे आत गेले, तरी ड्रम निम्मा भरेना, म्हणून त्यांनी दारांच्या बिजागऱ्या, हँडलं आणि खतीजाबीचा एक जुना अडकित्ताही टाकला.

पाऊण तास ड्रम फिरला. आवाज असा, की पंचफुलाबाईच्या शेळ्या दावणीला उलट्या तोंडानं उभ्या राहिल्या. मग झाकण उघडलं. आतला माल पोत्यावर ओतला, आणि दोघं बघतच राहिले. गंजाचा ठिपका नाही. वर ड्रममध्ये वर्षानुवर्षं मुरलेली हळदीची भुकटी त्यांना लागलेली, त्यामुळे प्रत्येक नट सोन्याचा. सराफाच्या दुकानात ठेवावा असा ढीग.

"शिवहार, बघ," नासेरभाई म्हणाले. "बघ रे."

शिवहारनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "भाई, ह्यातला चाकाचा कोणता?"

असं म्हणतात की त्यानंतर शेडमध्ये जी शांतता पसरली ती ट्रॅक्टर चालू असतानाही ऐकू येत होती.

ढीग घरी आला. नासेरभाई ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. ते जेवले नाहीत, आणि खतीजाबीनं "वाफ कोंडली का?" असं विचारल्यावरही बोलले नाहीत, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिनं कुंपणावरून पंचफुलाबाईला हाक मारली. दोघींनी दोन सुपं घेतली, ढिगासमोर बसल्या आणि तांदूळ निवडावेत तसे नट निवडायला लागल्या.

यात पंचफुलाबाईची बोटं म्हणजे काटा. त्यांना आकड्यांचे पाने ठाऊक नव्हते. त्यांनी दाण्यांवरून नावं पाडली. सगळ्यात बारीक ती तूर. तिच्याहून मोठा हरभरा. मग भुईमूग. आणि चाकांचे ते जाडजूड, त्यांना त्या लिंबोळी म्हणाल्या. तीन दिवसांत सगळा ढीग वेगवेगळ्या वाडग्यांत गेला. चौथ्या दिवशी नासेरभाई उठले, गाडीखाली शिरले आणि खालून आवाज आला, "दोन हरभरे द्या, एक तूर."

तेव्हापासून गाडी याच भाषेत जोडली गेली. वाटेनं जाणारा माणूस थबकायचा. गाडीखालून कुणी भुईमूग मागतंय आणि खतीजाबी सुपातून देतेय. एकदा एक पाहुणा खरंच विचारून गेला, की यांना दात कसे आहेत.

कुठला नट कुठं लागायचा हे नासेरभाईंनी आठवणीनं, भोकांच्या मापानं आणि थोडं अल्लाच्या भरवशावर ठरवलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी उभी राहिली. रंग बॉयलरचाच, चंदेरी, कारण तोच डबा घरात होता. इंजिन चालू झालं. गिअर पडले. ब्रेक लागला. शिवहारनं टाळ्या वाजवल्या. आणि सूप उचलताना खतीजाबीला त्यात खडखड ऐकू आली.

अकरा तुरी, सात हरभरे आणि एक भुईमूग. एकोणीस.

"तुरीचं काय न्हाई," नासेरभाई म्हणाले. "दारा-बिराच्या असतील. हरभरेबी चालतील."

"आणि भुईमूग?"

एवढा जाड नट स्टिअरिंग, इंजिन असल्या जोखमीच्या जागीच लागतो. नासेरभाईंनी भुईमूग खिशात टाकला. त्यानंतर आठ दिवस ते गाडीखाली होते. बाहेर फक्त पाय. प्रत्येक भोक दोनदा बघितलं. सगळी भरलेली. भुईमूग मात्र खिशातच.

"बायकांचं मोजण्यात चुकलं असंल," शिवहार म्हणाला.

"आमचं चुकत न्हाई," पंचफुलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "तुमच्या पोटात गेलाय का ते बघा."

सतवाशाचा दिवस उजाडला. पावसानं उघडीप दिलेली. नासेरभाई पांढरा कुर्ता घालून स्टिअरिंगवर बसले, शेजारी फळांच्या टोपल्या, मागं खतीजाबी आणि मिठाईचे खोके. गाडी निघाली. आणि तिच्या मागून, शंभर पावलांवर, एक ऑटोही निघाला. तो गावातल्या सद्दामचा. खतीजाबीनं आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं, की आमच्या मागं ये, पण आमच्या मागं आहेस असं दिसू देऊ नको. बाळापूरच्या रस्त्यावर एका चंदेरी अँबॅसडरच्या मागं एक ऑटो हळूहळू, सहज चालल्यासारखा चाललाय, हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशी तिची अपेक्षा होती. आरशात नासेरभाईंना तो पहिल्या वळणावरच दिसला. त्यांनी आरसा थोडा वर फिरवला. ऑटोबद्दल विचारलं असतं तर भुईमुगाबद्दल बोलावं लागलं असतं.

गाडी चांगली चालली. तिसऱ्या चढाला व्हॉल्व उडाला आणि अशी शिट्टी झाली, की शेतात निंदणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. एकीनं तर हाक मारून विचारलं, "ऐन पावसात कुणाची हळद शिजली वो?" पाणी घातलं, गाडी पुन्हा निघाली. बाळापूरला मुबश्शीरसेठच्या गल्लीत शिरता शिरता दुसरी शिट्टी झाली, त्यामुळे निरोप पाठवायची गरज उरली नाही. सगळी गल्ली बाहेर आली. सेठही आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गाडीला एक फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला, हाताला चंदेरी रंग लागला, तो बघितला.

"समधी," ते म्हणाले, "गाडी आणली का कुकर आणला?"

"दोन्ही," नासेरभाई म्हणाले.

सेठ मोठ्यानं हसले आणि पहिल्यांदाच त्यांनी नासेरभाईंना मिठी मारली. कुर्त्यालाही रंग लागला.

ओटी भरली. जेवणं झाली. खुशनुमानं पिशवी उचलली आणि ती सरळ गाडीकडे चालायला लागली. सातवा महिना, चाल जड, पण चेहरा असा, की सतरा वर्षांपूर्वी औंढ्याला निघालेली पोरगी तीच. गल्लीतल्या बायका गच्चीवर उभ्या. तिनं मागचं दार उघडलं.

"थांब बेटी," नासेरभाई म्हणाले.

ती थांबली.

"तू ऑटोत बस. अम्मीसंगं."

गच्चीवरच्या बायका कठड्यावरून वाकल्या. सद्दामनं, जो तिथं योगायोगानं आल्यासारखा उभा होता, खाली बघितलं.

"काहून?" खुशनुमा म्हणाली. आवाज फार वर गेला नाही, पण गेला. "तीन महिने सांगून राहिलात. मी इथं सगळ्यांना सांगितलंय. आता काहून?"

नासेरभाईंना खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की चालत्या गाडीचा भरवसा नाही. पण त्यांना बॉयलरशिवाय बोलता येत नाही. ते म्हणाले, "नवा बॉयलर बनवला की पहिली वाफ मी एकटा धरतो. हळद टाकत न्हाई. जवळ कुणाला उभं करत न्हाई, शेतकऱ्यालाबी न्हाई. नुसतं पाणी, आणि मी. ही पहिली वाफ हाय बेटी. लोकांच्या लेकरांना जवळ येऊ देत न्हाई, तर तुला कसं बसवू?"

"मग येताना अम्मीला कसं बसवलं?"

खतीजाबीनं पदर सावरला. "तेच मीबी विचारणार हाय," ती म्हणाली, "पण घरी गेल्यावर."

सगळ्यांच्या नजरा मुबश्शीरसेठकडे गेल्या. आता काय पट्टी निघते ते बघायला. वर्षभराचं गिऱ्हाईक समोर उभं होतं. सेठनी टोपी नीट केली.

"सून ऑटोत बसंल," ते म्हणाले. "आणि गाडीत मी बसतो. एवढी गल्ली जमली, गाडी रिकामी जाणं बरं दिसत न्हाई."

खुशनुमा ऑटोत बसली. तोंड फुगलेलं. मोबाइल मात्र पुढच्या काचेशी धरून ती अँबॅसडरचा व्हिडिओ काढत होती.

गाडी गावाबाहेर पडली तशी सेठ म्हणाले, "समधी, मघाशी सगळं खरं न्हाई बोललात."

नासेरभाईंनी एका हातानं खिसा चाचपला आणि भुईमूग त्यांच्या हातावर ठेवला. हळदीनं पिवळा, चकचकीत.

"हे काय?"

"नट हाय."

"कशाचा?"

"तेच तर ठाऊक न्हाई."

सेठनी नट बघितला, मग स्टिअरिंग बघितलं, मग खाली पायांजवळचा पत्रा बघितला. थोडा वेळ त्यांचे ओठ आपोआप हलत होते. बहुधा दुवा. नासेरभाई म्हणाले, "उतरायचं असलं तर थांबवतो. मागं ऑटो हायेच."

सेठनी मागं वळून बघितलं. ऑटोतून सून बघत होती, मोबाइल धरून.

"आता उतरलो तर ती मला जन्मभर दाखवंल हा व्हिडिओ," सेठ म्हणाले. "चला. पण खड्डा आला की आधी सांगत जा."

त्यानंतर नासेरभाई प्रत्येक खड्डा नावानिशी सांगत आले. सेठ नट मुठीत धरून, पाय उचलून बसत. दुसऱ्याच मैलाला शिट्टी झाली तेव्हा त्यांनी टोपीच काढून हातात घेतली. पण चौथ्या-पाचव्या मैलानंतर पाय खाली आले. मग ते खिडकीत कोपर ठेवून बसले. मग ओळखीचा एक शेतकरी दिसला, तर हाक मारून म्हणाले, "समध्यानं घरी बनवली." आणि हे असं म्हणाले, की जणू कापड त्यांच्याच दुकानातलं लागलंय.

कुरुंद्याच्या तोंडाशी नासेरभाईंनी गाडी बाजूला घेतली. उतरले आणि त्या पांढऱ्या कुर्त्यासकट ओल्या रस्त्यावर उताणे झाले, गाडीखाली शिरले. ऑटोही थांबला. पाच मिनिटं नुसते पाय. खालून हातोडीचे दोन-चार ठोके. मग ते बाहेर आले. कुर्ता काय झाला होता ते खतीजाबीनं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ते ऑटोजवळ गेले.

"उतर बेटी. आता बस."

"आता काय कळलं?" खुशनुमा म्हणाली. ती अजून रागात होती.

"वीस किलोमीटर गेली, वीस आली. लोंबून न्हाई राहिलं काही, ढिलं न्हाई, गळत न्हाई. इथून घर अर्धा मैल. चालीनं नेतो. शिवहारला फोन केलाय, तो पुढं चालंल."

ती उतरली आणि अँबॅसडरच्या मागच्या सीटवर बसली, खिडकीच्या बाजूला, जिथं तिचं सगळं शिक्षण झालं होतं. मुबश्शीरसेठ पुढच्या सीटवरून हलेनात. नासेरभाईंनी वजनाचा मुद्दा काढला. सेठ म्हणाले, मी बाळापूरहून धोका पत्करून आलोय, माझा हक्क आहे. शेवटी सुनेनंच "सेठ," एवढं म्हटलं, तेव्हा उतरले, पण ऑटोत गेले नाहीत. दारावर हात ठेवून गाडीबरोबर चालायला लागले. दुसऱ्या बाजूला खतीजाबी. पुढं शिवहार, आडवे येणाऱ्या म्हशी हाकत.

गाडी निघाली. इतकी हळू, की पंचफुलाबाईच्या शेळ्या चरून परत येत होत्या त्या तिला मागं टाकून गेल्या.

"अब्बा, थोडी जोरात घ्या ना."

"न्हाई."

"शेळ्या पुढं गेल्या."

"जाऊ दे."

दुकानांच्या फळ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. खुशनुमानं खिडकीतून हात बाहेर काढला, मग पूर्ण कोपर, सेठ बसले होते तसं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं कट्ट्यावरून विचारलं, "खुशनुमा, कुठून येऊन राहिलीस गं?"

"औंढ्याहून," ती म्हणाली. "आत्ता पोहोचले."

नासेरभाईंनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, एका भुवईनं रस्ता बघत, ते पुढचा खड्डा मोठ्यानं सांगत होते.